नटवर्य मास्टर दीनानाथ मंगेशकर : देवालयाच्या छायेतून रंगभूमीकडे

श्रीक्षेत्र मंगेशी येथे श्रीमंगेशाच्या दर्शनास येणाऱ्या पुष्कळ भाविकांना या गावाचे नाव आधी आडनाव म्हणूनच परिचयाचे असते. मंगेशकर हे आडनाव ज्यांनी प्रथम धारण केले, ते मास्टर दीनानाथ यांच्याविषयी मात्र गानसम्राज्ञी लता मंगेशकर यांचे वडील यापलीकडे फारशी माहिती असत नाही. दीनानाथ हे स्वतः मराठी संगीत रंगभूमीवरील अत्यंत तेजस्वी गायक-नट होते. त्यांच्या गायनाची मुळे याच देवालयाच्या परिसरात रुजलेली होती. यात्रेकरूंना त्याची ओळख व्हावी, या हेतूने हा अल्प परिचय येथे दिला आहे.

श्रीमंगेशाचे मूळ स्थान साष्टी प्रांतातील कुशस्थळी, म्हणजे आजचे कुठ्ठाळी. पोर्तुगीज अमलाखाली तेथील देवालयांवर संकट ओढवले, तेव्हा इ. स. १५६० मध्ये भक्तजनांनी श्रींचे लिंग अघनाशिनी नदी ओलांडून प्रियोळ येथे सुरक्षित आणले. पुढे १७३९ मध्ये पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानास इनाम दिले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोंडे महालही पोर्तुगीजांकडे गेला, तरी येथील पूजाअर्चा व सेवेचा क्रम खंडित झाला नाही. पूजा आणि अभिषेक करणारी भटघराणी, पुराण सांगणारे, कीर्तनकार, चौघडा व सनई वाजविणारे, आणि सभामंडपात गायन-नृत्याची सेवा करणारी कलावंतांची घराणी, अशी प्रत्येकाची सेवा वाटून दिलेली असे. सोमवारची पालखी असो की माघातील जत्रा, मंत्र आणि संगीत हे दोन्ही देवापुढे एकत्रच रुजू होत. दीनानाथांचा जन्म या दोन सेवांच्या संगमावर झाला.

त्यांची जन्मतारीख २९ डिसेंबर १९००. पिता गणेशभट नवाथे हे श्रीमंगेशाच्या अभिषेकाचे अधिकारी असून त्यामुळेच या घराण्यास अभिषेकी असेही म्हटले जाई. माता येसूबाई या देवस्थानाची सेवा करणाऱ्या कलावंत समाजातील होत्या. हा समाज पुढे गोमंतक मराठा समाज या नावाने संघटित झाला. येसूबाई स्वतः गात असत. त्या काळच्या रूढीनुसार कलावंत घराण्यातील कन्येचा विवाह होत नसे. देवापुढे विधी करून तिला सेवेस वाहिले जाई आणि तिची अपत्ये आईच्या घराची म्हणून ओळखली जात.

दीनानाथांची काही चरित्रे लिहिताना वडिलांच्या अभिषेकाचा उल्लेख सविस्तर केला जातो आणि आईच्या कुळाचा विषय आला की लेखणी आखडती घेतली जाते. हे न्याय्य नव्हे. गोमंतकातील देवळांतून शेकडो वर्षे जे संगीत जिवंत राहिले, ते मुख्यतः या स्त्रियांनी जिवंत ठेवले. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या थोर गायिका याच परंपरेतून आल्या. समाजाने ज्यांच्या गाण्याचा आस्वाद घेतला, त्यांनाच प्रतिष्ठा देण्यात हात आखडला, ही वस्तुस्थिती देवस्थानच्या पुस्तिकेतही झाकून ठेवण्याचे कारण नाही.

या जन्माचा परिणाम दीनानाथांच्या वाटचालीवर फार खोल झाला. पित्याचा अभिषेकाचा अधिकार त्यांच्याकडे येणे त्या काळच्या व्यवस्थेत शक्य नव्हते. पित्याचे नवाथे आडनावही त्यांनी लावले नाही. गावाच्या नावास ‘कर’ प्रत्यय जोडून आडनाव घेण्याची रीत गोव्यात सर्वत्र आहे, तिला अनुसरून ते मंगेशकर झाले. वरवर पाहता ही साधी रीत होती. परंतु ज्या मुलाला ना पित्याचे आडनाव मिळाले ना त्याची वृत्ती, त्याने गावाचे आणि त्या गावाच्या दैवताचे नाव आपल्या कुळाचे नाव करावे, यात एक स्वाभिमानही होता असे म्हणावे लागते. ज्योतिषशास्त्राचा त्यांचा व्यासंग पुढे सर्वांना परिचित झाला. पितृकुळाची पूजा-पंचांगाची परंपरा त्यांच्यापर्यंत बहुधा या वाटेने पोचली असावी.

गाण्याचे पहिले धडे त्यांनी वयाच्या पाचव्या वर्षी बाबा माशेलकर यांच्याकडे गिरविले. माशेल हे गाव मंगेशीपासून फार दूर नाही. त्या काळी एवढ्याशा परिघात उत्तम गाणे शिकविणारे गुरू मिळत, हीदेखील देवालयांचीच कृपा. पुढे ग्वाल्हेर गायकीतील थोर गवई रामकृष्णबुवा वझे यांच्या गायनाने ते भारावून गेले आणि त्यांचा गंडा त्यांनी बांधला. बुवांचे गाणे आक्रमक, अनवट रागांनी संपन्न आणि तानांच्या फेकीत निर्भय असे होते. ते दीनानाथांच्या प्रकृतीस नेमके मानवले.

इ. स. १९१३ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर मंडळीस नव्या गात्या नटाची निकड भासू लागली. मंगेशीचा हा गोरागोमटा, सुरेल मुलगा त्या सुमारास मंडळीत दाखल झाला आणि स्त्रीभूमिका करू लागला. अल्पवयातच नाव झाल्यामुळे ‘मास्टर’ ही उपाधी त्यांच्या नावास चिकटली ती कायमचीच. परंतु पगारी नट म्हणून ते फार काळ राहिले नाहीत. १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बळवंत संगीत नाटक मंडळीची स्थापना केली. त्या वेळी दीनानाथांचे वय अठरा वर्षांचेही नव्हते.

या मंडळीवर नाटककार राम गणेश गडकरी यांचा मोठा लोभ होता. परंतु २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे गडकऱ्यांचे अकाली निधन झाले. मृत्यूपूर्वी त्यांनी पूर्ण केलेले ‘भावबंधन’ बळवंत मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यात चिंतामणरावांचा घनश्याम आणि दीनानाथांची लतिका या भूमिकांनी प्रेक्षकांची मने जिंकली. पुढे दीनानाथांच्या थोरल्या कन्येचे हेमा हे मूळ नाव बदलून लता झाले, ते याच लतिकेवरून.

दीनानाथांच्या गाण्याचे वेगळेपण समजण्यासाठी त्या काळची रंगभूमी ध्यानात घेतली पाहिजे. बालगंधर्वांच्या लडिवाळ, लयीत डोलणाऱ्या गाण्याने महाराष्ट्र मोहून गेला होता आणि बहुतेक गायक-नट त्यांचेच अनुकरण करू पाहत होते. दीनानाथांनी ती वाट घेतली नाही. त्यांचा आवाज पल्लेदार व धारदार होता. एका सप्तकातून दुसऱ्यात ते विजेसारखी झेप घेत. पंजाबी ढंगाच्या चपळ हरकती त्यांनी नाट्यपदांत आणल्या. श्रोत्यास गोंजारण्यापेक्षा चकित करणे त्यांना अधिक प्रिय होते आणि त्यामुळे काही रसिकांना त्यांचे गाणे भावापेक्षा चमत्कृतीकडे झुकणारे वाटले, हेही नमूद केले पाहिजे. परंतु ही निर्भयता आली कोठून, याचा विचार करता पुन्हा गोव्याकडेच यावे लागते. देवालयाच्या उघड्या मंडपात, चौघड्याच्या निनादात आणि जत्रेच्या गर्दीत जे गाणे ऐकत मूल वाढते, त्याच्या कानावर मोकळा, लांब पोचणारा सूरच बिंबणार. वझेबुवांच्या तालमीने त्या सुरास शास्त्राचे बळ दिले.

‘रणदुंदुभि’ या नाटकात या गाण्यास साजेसा विषय मिळाला. अमरावतीचे स्वातंत्र्यसेनानी वीर वामनराव जोशी यांचे हे नाटक १९२७ मध्ये रंगभूमीवर आले. संगीत वझेबुवांचे होते आणि तेजस्विनीची भूमिका दीनानाथांची. पारतंत्र्याची चीड त्या पदांतून प्रकट होत असे. १९३१ मध्ये बळवंत मंडळीने ‘संन्यस्त खड्ग’ सादर केले. त्याचे लेखक स्वातंत्र्यवीर सावरकर त्या वेळी रत्नागिरीत स्थानबद्धतेत होते. अशा लेखकाचे नाटक करणे हा त्या दिवसांत धोक्याचाच व्यवहार होता. इंग्रजी राज्यातील प्रेक्षकांपुढे ही पदे गाणारा नट स्वतः पोर्तुगीज राज्यात जन्मला होता, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

स्त्रीभूमिकांप्रमाणेच ‘मानापमान’मधील धैर्यधरासारख्या पुरुषभूमिकाही त्यांनी गाजविल्या. त्यांच्या पदांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. परंतु १९३१ मध्ये बोलपट आला आणि पाहता पाहता नाटक मंडळ्यांची नाट्यगृहे ओस पडू लागली. सांगलीत बिऱ्हाड केलेल्या दीनानाथांनी काळाबरोबर जाण्यासाठी चित्रपटाचा व्यवसाय अंगावर घेतला. बळवंतचा ‘कृष्णार्जुनयुद्ध’ हा चित्रपट १९३४ मध्ये निघाला, तथापि त्यातून उत्कर्ष न होता कर्जच वाढले. मंडळी त्यानंतर फार दिवस तगली नाही. ज्याच्या हाताखाली मोठा संच होता, त्या मालकावर संसार चालविण्याची चिंता आली.

या पडत्या काळातील एक प्रसंग लताबाईंनी पुढे अनेकदा सांगितला. सांगलीच्या घरी एक शिष्य पूरिया धनाश्रीचा अभ्यास करीत होता आणि दीनानाथ काही वेळ बाहेर गेले होते. शिष्याचे चुकते आहे हे ऐकून अंगणातील लहानग्या लताने त्यास ती जागा गाऊन दाखविली. दारात परतलेल्या पित्याने ते ऐकले. आपण बाहेरच्यांना शिकवीत आहोत आणि खरा गवई घरातच आहे, अशी जाणीव त्यांना झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मुलीला उठवून तंबोऱ्यापाशी बसविले.

दीनानाथांचा विवाह खानदेशातील थाळनेर येथील लाड कुटुंबात झाला होता. प्रथम पत्नीच्या निधनानंतर तिची धाकटी बहीण त्यांच्या संसारात आली. त्या माई मंगेशकर. लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ ही त्यांची अपत्ये. माईंचे माहेर गुजराती भाषिक, पती गोमंतकीय आणि घर सांगलीत, असा तो संसार होता. कुलदैवत मात्र श्रीमंगेश.

अखेरच्या काळात हे कुटुंब पुण्यास आले. तेथेच २४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथांनी देह ठेवला. त्यांचे वय अवघे एकेचाळीस वर्षांचे होते. थोरली लता तेव्हा तेरा वर्षांचीही नव्हती आणि हृदयनाथ चार वर्षांचा होता. पित्याच्या मागे घराची जबाबदारी लतावर पडली आणि त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटातून तिने चित्रसृष्टीत पाऊल टाकले. त्यापुढची कथा सर्वविश्रुत आहे. लताबाईंचे निधन ६ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत झाले.

मंगेशीच्या त्याच अभिषेकी घराण्यात १९२९ मध्ये आणखी एका संगीतकाराचा जन्म झाला. पंडित जितेंद्र अभिषेकी हे ते होत. त्यांचे वडील याच देवालयात कीर्तन करीत आणि अभिषेकीबुवांचे बालपण त्या कीर्तनाच्या सुरांत गेले. त्यांनी ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकांना संगीत देऊन, दीनानाथांच्या काळानंतर मंदावलेली संगीत रंगभूमी पुन्हा बहरास आणली. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. तो दिवस पाहण्यास दीनानाथ हयात नव्हते. पुढे पणजी येथे मांडवीच्या तीरावर कला अकादमीची वास्तू उभी राहिली, तेव्हा तेथील मुख्य नाट्यगृहास दीनानाथ मंगेशकर कला मंदिर असे नाव देण्यात आले.