इतिहासकार म्हणून आपल्याला माहीत असलेल्या कोसंबींचं नाव कपाशीच्या संशोधनात कसं काय?

जून लागला की शिंदखेडा तालुक्यात दोनच विषय असतात. पाऊस कधी येणार आणि यंदा कपाशीचं कोणतं बियाणं घ्यायचं. बियाण्याच्या पाकिटावर कंपनीचं नाव असतं, वाणाचं नाव असतं. पण कपाशीच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांचे शोधनिबंध उघडून बघितले, तर त्यात एक ओळखीचं आडनाव सापडतं.

कोसंबी.

हो, तेच ते. 'भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख' करून देणारं इंग्रजी पुस्तक १९५६ मध्ये लिहिणारे दामोदर धर्मानंद कोसंबी. पण इतिहासकाराचा आणि कपाशीच्या जनुकांचा काय संबंध?

तर कोसंबी मुळात गणिताचे माणूस. जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. वडिलांबरोबर दामोदर लहानपणीच अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डमधून पदवीधर झाले. भारतात परतल्यावर बनारस आणि अलिगढला शिकवलं, मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले.

इथं असतानाच १९४४ मध्ये त्यांचा जनुकशास्त्रावरचा एक छोटा निबंध इंग्लंडच्या नियतकालिकात छापून आला.

प्रश्न असा होता. एकाच गुणसूत्रावरची दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत, हे कसं मोजायचं? पुढच्या पिढीत ती किती वेळा वेगळी होतात, त्यावरून अंदाज बांधतात. पण यात एक गोची आहे. दोघांच्या मध्ये अदलाबदल दोनदा झाली, तर जनुकं परत एकत्र येतात आणि काही घडलंच नाही असं वाटतं. म्हणजे अंतर खऱ्यापेक्षा कमी भरतं.

हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९१९ मध्ये यावर एक सूत्र दिलं होतं. त्यात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र धरली होती. पण एका जागी अदलाबदल झाली की तिच्या शेजारी दुसरी होणं अवघड जातं. कोसंबींनी ही गोष्ट हिशोबात घेतली. समजा ३० टक्के वेळा जनुकं वेगळी झाली. हॉल्डेनच्या सूत्रानं अंतर साधारण ४६ एकक येतं, कोसंबींच्या सूत्रानं साधारण ३५. फरक लहान नाही.

आज कापूस, गहू, भात अशा पिकांचे जनुकीय नकाशे काढताना हे सूत्र सर्रास वापरतात. नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये तर 'हॉल्डेन की कोसंबी' असा थेट पर्यायच असतो.

संशोधकाचं वजन मोजायची आजची पद्धत म्हणजे त्याच्या निबंधाचा दाखला इतरांनी किती वेळा दिला, ते मोजणं. याला सायटेशन म्हणतात. पण कोसंबींच्या बाबतीत हे मोजमाप तोकडं पडतं.

१९४३ मध्ये त्यांनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात आणखी एक निबंध लिहिला. गुंतागुंतीची, सतत बदलणारी माहिती थोडक्या घटकांत कशी मांडायची, याचं गणित त्यात होतं. पुढं कारहुनेन आणि लोएव्ह यांनीही स्वतंत्रपणे हेच मांडलं. चेहरे ओळखण्यापासून द्रवपदार्थांच्या भौतिकशास्त्रापर्यंत ते वापरलं जातं. पण जगभर ते ओळखलं जातं या दोघांच्या नावानं. कोसंबींचं नाव त्याला जोडलं जातं, पण मोजक्याच ठिकाणी. जिथं नावच घेतलं जात नाही, तिथं सायटेशन मोजणार कसं?

जुन्या नाण्यांवरही त्यांनी हेच केलं. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, वजन घटतं. तक्षशिलेला सापडलेली नाणी एकेक करून तोलली आणि झिजेवरून त्यांचा काळाचा क्रम लावला. इतिहासाची वाट त्यांना इथूनच सापडली.

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. पुण्यात घर, मुंबईत नोकरी आणि डेक्कन क्वीनचा प्रवास, असं त्यांचं बरीच वर्षं चाललं. पण १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी रीमान गृहीतक हे गणितातलं अतिशय अवघड कोडं सोडवल्याचा दावा केला. तो निबंध शेतीच्या सांख्यिकीला वाहिलेल्या नियतकालिकात आला होता आणि सिद्धता चुकीची निघाली. गणितज्ञांमधला त्यांचा मान घसरला. १९६२ मध्ये संस्थेतली नोकरीही संपली.

२९ जून १९६६ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं ५८.

एका चुकलेल्या निबंधानं त्यांना जिवंतपणी बरंच काही गमवायला लागलं. पण फर्ग्युसनमध्ये असताना लिहिलेला तो छोटा निबंध अजून कामाला येतो. कापसाच्या जनुकांचा नवा नकाशा निघतो, तेव्हा अनेकदा अंतर मोजायला कोसंबींचंच सूत्र लागतं.