डोर्नकलचा पाळक

29 डिसेंबर 1912 रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये अडतीस वर्षांच्या एका तमिळ धर्मोपदेशकास बिशपपदाची दीक्षा देण्यात आली. अँग्लिकन चर्चच्या इतिहासात एखादा भारतीय या पदावर बसण्याची ती पहिलीच वेळ. वेदनायगम सॅम्युएल अझरिया हे त्यांचे नाव. ही निवड सुखासुखी झाली नव्हती. गोऱ्या मिशनऱ्यांनी एका भारतीय बिशपच्या हाताखाली काम करावे काय, असा प्रश्न उघडपणे विचारला जात होता. खुद्द भारतीय ख्रिस्ती समाजातही साशंक मंडळी होतीच. अशा वातावरणात मिळालेल्या अधिकाराचे अझरियांनी पुढील बत्तीस वर्षांत काय केले, हे केवळ ख्रिस्ती माणसानेच नव्हे, तर नेतृत्वाचा विचार करणाऱ्या कोणीही पाहण्यासारखे आहे.

तिरुनेलवेली जिल्ह्यातील वेल्लालनविळै या खेड्यात 17 ऑगस्ट 1874 रोजी त्यांचा जन्म झाला. घराणे नाडार समाजातले, म्हणजे त्या काळच्या सवर्णांच्या लेखी हलके. वडील धर्मांतरित असून गावच्या चर्चचे पाळक होते. अझरिया मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकले. परंतु ऐन परीक्षेच्या वेळी आजारपण आले आणि पदवी हुकली ती हुकलीच. 1895 मध्ये त्यांनी वाय.एम.सी.ए.चे काम पत्करले. त्या निमित्ताने दक्षिण भारतभर हिंडत असता आणि 1902 मध्ये जाफन्यातील तमिळ ख्रिस्ती लोकांचे काम पाहत असता एक विचार त्यांच्या मनात पक्का झाला. आपल्या देशातील धर्मकार्य आपल्या माणसांनी, आपल्या पैशाने आणि आपल्याच देखरेखीखाली केले पाहिजे, असा तो विचार. त्यातून 1903 मध्ये तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी आणि 1905 च्या नाताळात सेरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली.

पहिल्या सोसायटीने निजामाच्या राज्यातील, म्हणजे आजच्या तेलंगणातील, डोर्नकलचा मागास मुलूख कामासाठी निवडला होता. तेथे जा, असे तरुणांना सांगणारे अझरिया 1909 मध्ये मानाची जागा सोडून स्वतःच तेथे गेले. पस्तिशीच्या उंबरठ्यावर ते परकी तेलुगू भाषा शिकू लागले. दुसऱ्याला जे सांगायचे ते आधी आपण करावे, हा त्यांच्या नेतृत्वाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा अधिक कठीण होता. 1910 मध्ये एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. बाराशेच्या आसपास प्रतिनिधींत आशियातील माणसे जेमतेम वीसेक. त्या सभेपुढे अझरियांनी परदेशी मिशनरी आणि भारतीय सहकारी यांच्या संबंधांवर बोट ठेवले. पगार देणारा आणि पगार घेणारा यापलीकडे हे नाते फारसे जात नाही, त्यागाबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत, परंतु आम्हाला हवी आहे ती बरोबरीची मैत्री, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. ज्यांच्या आश्रयाने आपण येथवर आलो त्यांना त्यांच्याच घरी हे ऐकवणे सोपे नव्हते. सभेत नाराजीची कुजबुज झाली. परंतु त्या परिषदेतील इतर अनेक भाषणे विस्मृतीत गेली आणि हे राहिले. नम्रता म्हणजे वरच्यापुढे मान तुकवणे अशी आपल्याकडे समजूत आहे. अझरियांची नम्रता वरच्यापुढे ताठ उभी राही आणि खालच्यापुढे वाके.

ते वाकणे पाहायचे तर डोर्नकलला जावे लागे. 1920 मध्ये त्यांच्या धर्मप्रांताला कृष्णाकाठचा मोठा भाग जोडला गेला. हा बिशप बैलगाडीने, सायकलवरून, प्रसंगी पायी खेडोपाडी फिरत असे. त्यांच्याकडे येणारे बहुसंख्य लोक माला आणि मादिगा या अस्पृश्य मानलेल्या जातींतले होते. घाण, रोग, कर्ज आणि दारू या चार शत्रूंशी लढणे त्यांनी उपासनेइतकेच महत्त्वाचे मानले. पत्नी अन्बू यांनी स्त्रियांमधील काम अंगावर घेतले. खेड्यातील शिक्षक आणि पाळक तेथल्याच मातीतून तयार होऊ लागले. डोर्नकलचे कॅथीड्रल 1939 मध्ये उपासनेसाठी खुले झाले. त्याचे घुमट, मनोरे आणि खांब मशिदीची व दक्षिणी देवळाची आठवण करून देतात. शिस्तीच्या बाबतीत अझरिया कठोर होते आणि राष्ट्रीय आंदोलनात उतरले नाहीत म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. सामुदायिक धर्मांतरांवरून महात्मा गांधींशी त्यांचा तीव्र मतभेद होता. आपल्या श्रद्धेचा निर्णय करण्याची अक्कल गरिबाला नाही, हे मानण्यास ते तयार नव्हते.

तथापि त्यांची खरी कसोटी लागली ती 1932 च्या जातीय निवाड्याच्या वेळी. भारतीय ख्रिस्ती समाजाला स्वतंत्र मतदारसंघ मिळत होते. ज्याचा अनुयायीवर्ग झपाट्याने वाढत आहे अशा पुढाऱ्याला याहून मोठे आमिष कोणते? अझरियांनी त्याला विरोध केला. चर्च हा राजकीय हक्क मागणारा एक वेगळा गट झाला, तर शेजाऱ्यापासून तो तुटेल आणि धर्मांतराकडे मतांची भरती म्हणून पाहिले जाईल, ही त्यांची भीती होती. अनुयायांच्या संख्येचे सत्तेत रूपांतर करण्याची संधी चालून आली असता ती नाकारणारे पुढारी कोणत्याही धर्मात विरळाच.

1935 मध्ये डॉ. आंबेडकरांनी येवल्यास हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला, तेव्हा अनेक धर्मांचे पुढारी आशेने त्यांच्याकडे पाहू लागले. त्या घोषणेने चर्चपुढेही आरसा धरला होता. जात टाकून येणाऱ्याला येथे एक घर मिळणार, की पुन्हा निरनिराळ्या ओसऱ्या? जात चर्चमध्येही शिरली होती आणि पंथभेद तर परदेशातून आयातच झाले होते. 1919 च्या तरंगंबाडी परिषदेपासून अझरिया या पंथांच्या ऐक्यासाठी झटत होते. त्यासाठी आपल्या अँग्लिकन परंपरेचा मोठेपणा बाजूस ठेवण्याची त्यांची तयारी होती.

1 जानेवारी 1945 रोजी डोर्नकल येथेच त्यांचे निधन झाले. तोवर अँग्लिकन चर्चचा स्वतंत्र धर्मप्रांत सांभाळणारे ते एकमेव भारतीय बिशप राहिले होते. ज्या संस्थेने 1912 मध्ये दार उघडले, तिने बत्तीस वर्षे दुसऱ्या कोणाला त्या दारातून आत घेतले नाही, ही गोष्ट त्यांच्या गौरवापेक्षा त्या संस्थेविषयी अधिक सांगते. 27 सप्टेंबर 1947 रोजी मद्रासमध्ये अँग्लिकन, मेथडिस्ट आणि इतर पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया अस्तित्वात आले. ज्याने त्याची वाट तयार केली तो त्या समारंभाला नव्हता. आपण ज्यात नसू अशा दिवसासाठी आयुष्यभर राबणे आणि त्या राबण्याची पावती न मागणे, हेच पाळकपण. पदे पुष्कळांना मिळतात. डोर्नकलच्या या बिशपने पद वापरले ते दुसऱ्यांना उभे करण्यासाठी.