ओसामु तेझुका : एका स्वस्त सौद्याची गोष्ट

कलावंताचे चरित्र लिहिताना त्याच्या हिशेबाच्या वह्या उघडू नयेत, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. त्याची साधना, त्याचे दारिद्र्य आणि उशिरा मिळालेला मानसन्मान यांवर पानेच्या पाने भरतात. पण त्याने आपला माल कोणाला आणि काय भावाने विकला, हे विचारणे जरा हलके समजले जाते. जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुका यांच्याबाबतीत मला हा संकेत मोडावासा वाटतो. १९६३ साली त्यांनी आपल्या कार्टूनपटांना जो भाव लावला, त्याचे परिणाम त्यांना जन्मभर भोगावे लागले आणि त्यांच्यामागून आलेल्यांनाही.

तेझुकांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाकाजवळच्या तोयोनाका येथे झाला. बालपण गेले ताकाराझुका या गावी. हे गाव तेथल्या संगीत नाटकमंडळीसाठी प्रसिद्ध आहे. या मंडळीत सगळ्या कलावंत स्त्रिया, पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करतात; म्हणजे आपल्या बालगंधर्वांच्या नेमके उलट. आई मुलाला हे प्रयोग दाखवायला नेई. वडिलांनी घरी एक छोटा प्रोजेक्टर आणलेला होता, त्यामुळे डिस्नेची कार्टूने या मुलाला घरबसल्या पाहायला मिळत. दुसरा नाद किड्यांचा. ओसामुशी नावाच्या एका भुंग्यावरून त्यांनी आपल्या नावापुढे 'मुशी' म्हणजे किडा हे अक्षर जोडले, आणि पुढे स्वतःच्या चित्रसंस्थेलाही तेच नाव दिले.

युद्धाच्या काळात शाळकरी तेझुकांना ओसाकातील शस्त्रकारखान्यात राबावे लागले. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत त्यांनी शहर जळताना पाहिले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, अर्ध्या उद्ध्वस्त ओसाकातील एका रिकाम्या चित्रपटगृहात, त्यांनी नौदलाने प्रचारासाठी काढलेला मोमोतारोवरील कार्टूनपट पाहिला. त्यातला प्रचार त्यांच्या मनावर ठसला नाही. ठसली ती चित्रांची हालचाल. आपणही एक दिवस असे चित्र काढायचे, हे त्यांनी तेथेच ठरवले.

पुढे ओसाका विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास चालू असतानाच १९४७ मध्ये त्यांची 'नवा खजिन्याचा बेट' ही चित्रकथा निघाली आणि लाखांच्या घरात खपली. १९५० मध्ये 'जंगलचा सम्राट' सुरू झाली, १९५२ मध्ये आटोम या यंत्रबालकाची कथा. तेझुका डॉक्टर झाले, १९६१ मध्ये त्यांनी वैद्यकातील डॉक्टरेटही मिळवली. पण दवाखाना काही थाटला नाही. चित्रकथांनी त्यांना भरपूर पैसा दिला आणि तो सगळा त्यांनी ओतला कार्टूनपटात.

मुशी प्रॉडक्शनची उभारणी १९६१-६२ ची. त्या वेळी जपानी दूरचित्रवाणीवर दर आठवड्याला अर्ध्या तासाचा कार्टूनपट दाखवणे अशक्यच मानले जाई. पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. डिस्नेच्या धर्तीवर काम करायचे तर दर आठवड्याला हजारो चित्रे लागणार. तेझुकांनी काटकसरीची एक पद्धतच बसवली. एकच चित्र तीन चौकटींना वापरायचे, म्हणजे सेकंदाला आठच चित्रे लागतात. पात्र बोलताना चेहरा स्थिर ठेवून केवळ ओठ हलवायचे. धावणे, उडणे अशी नेहमी लागणारी दृश्ये जपून ठेवायची आणि पुन्हापुन्हा वापरायची. १ जानेवारी १९६३ रोजी फुजी टीव्हीवर आटोम अवतरला आणि चार वर्षांत त्याचे १९३ भाग झाले.

आता सौद्याकडे येतो. एका भागासाठी तेझुकांनी साडेपाच लाख येन घेतले, असे सर्वत्र सांगितले जाते. खरा आकडा याहून मोठा होता, असे अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवून देण्याचा प्रयत्न केला आहे. परंतु तो कितीही धरला तरी निर्मितीचा खर्च त्यात निघत नव्हता, याबद्दल वाद नाही. भाव मुद्दाम पाडलेला होता. इतक्या कमी पैशात हे काम करायला दुसरा कोणी धजणार नाही आणि मैदान आपल्यालाच मोकळे राहील, असा तेझुकांचा अंदाज होता. तूट भरून काढायचे मार्ग दोन. एक, आटोमच्या चित्राचे हक्क विकणे. पुरस्कर्त्या मेइजी कंपनीने चॉकलेटच्या डब्यांत आटोमची चिकटचित्रे घातली आणि मुले त्यांच्यावर तुटून पडली. दुसरा मार्ग परदेशातील विक्रीचा.

तो मार्ग अनपेक्षितपणे लवकर उघडला. त्याच वर्षी अमेरिकेतील एनबीसीच्या विक्रीशाखेने ही मालिका घेतली. फ्रेड लॅड यांनी तिला इंग्रजी संवाद दिले, नाव 'ॲस्ट्रो बॉय' झाले आणि सप्टेंबर १९६३ पासून ती तेथील स्थानिक केंद्रांवर दिसू लागली. भागामागे दहा हजार डॉलर मिळाल्याचे सांगतात. तेव्हा डॉलरचा भाव ३६० येन होता. म्हणजे घरी साडेपाच लाख आणि बाहेर छत्तीस लाख! हा हिशेब पाहून कोणाचेही डोके फिरले असते. तेझुकांना दोष देण्याआधी आपण हा आकडा लक्षात ठेवला पाहिजे, असे मला वाटते.

पण ज्याच्या पैशावर तूट भरते, तो गिऱ्हाईक हळूहळू मालक होतो. काही भाग एनबीसीने नाकारले. त्यांपैकी एकात ख्रिस्ताच्या मूर्तीच्या डोळ्यात गुन्ह्याचा पुरावा कोरलेला होता. अमेरिकन घरांत हे चालणार नाही, असे ठरले. जपानी मुलांना त्यात काहीच वावगे वाटले नव्हते. एकंदर १०४ भागांवर अमेरिकेतील खरेदी थांबली. स्थानिक केंद्रांना तेवढे पुरे होते, आणि शिवाय तिकडे रंगीत दूरचित्रवाणीचे दिवस येत होते. काळ्यापांढऱ्या आटोमचे उरलेले भाग मुशीच्या माथी राहिले.

म्हणून पुढची मालिका रंगीत. 'जंगलचा सम्राट' ऑक्टोबर १९६५ मध्ये जपानमध्ये सुरू झाली. अमेरिकेत तिचे नाव 'किम्बा'. या वेळी एनबीसी आधीपासूनच सौद्यात होती आणि अटी घेऊनच आली होती. केंद्रांना भाग कोणत्याही क्रमाने दाखवता आले पाहिजेत, म्हणून कथा सलग नको. प्राण्यांची हत्या पडद्यावर नको. आणि मुख्य म्हणजे सिंहाचा छावा मोठा होता कामा नये. तेझुकांच्या मूळ कथेचा सगळा प्राणच छाव्याच्या वाढण्यात आहे : तो जन्मतो, राजा होतो, बाप होतो आणि शेवटी बर्फात माणसासाठी मरतो. बावन्न भाग छावा छावाच राहिला. मग १९६६ मध्ये तेझुकांनी मोठ्या झालेल्या सिंहाचे सव्वीस भाग काढले, तेव्हा एनबीसीने ते घेतले नाहीत. माझ्या मते तेझुकांच्या व्यावसायिक आयुष्यातील सर्वांत करुण प्रसंग हाच. दिवाळखोरी त्यामानाने साधी गोष्ट आहे.

इकडे देशातही अंदाज चुकला. मैदान मोकळे राहिलेच नाही. आटोमच्या यशानंतर त्याच वर्षाच्या अखेरीला 'तेत्सुजिन २८' आणि 'एटमॅन' हजर झाले. प्रतिस्पर्धी आले आणि भाव मात्र पाडलेलाच राहिला. मुशीचा पसारा वाढला, पगार वाढले, उत्पन्न वाढेना. मग मोठ्यांसाठी कार्टूनपट काढण्याची कल्पना निघाली. १९६९ चा 'हजार आणि एक रात्री' बऱ्यापैकी चालला. १९७० चा 'क्लिओपात्रा' पडला. तो अमेरिकेत १९७२ मध्ये निव्वळ अश्लील चित्र म्हणून जाहिरात करून लावला गेला आणि तिथेही आपटला. कामगारांशी वाद वाढले. १९७१ मध्ये तेझुकांनी अध्यक्षपद सोडले, आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये मुशी प्रॉडक्शन बुडाली. अमेरिकेतील करार संपल्यावर ॲस्ट्रो बॉयच्या तिकडच्या प्रती परत घेणेही बुडालेल्या मुशीला परवडले नाही आणि त्या नष्ट केल्या गेल्या, असे फ्रेड लॅड यांनी नोंदवून ठेवले आहे.

तेझुकांच्या निधनानंतर हायाओ मियाझाकी यांनी त्यांच्यावर जो कठोर लेख लिहिला, त्याचा रोख याच स्वस्त सौद्यावर होता. जपानी कार्टूनपटाची मजुरी कायमची खाली गेली ती आटोममुळे, असे त्यांचे म्हणणे. याला दुसरी बाजू आहे. आटोम इतका स्वस्त नसता तर तो पडद्यावर आलाच नसता, आणि मग रिन्तारो, देझाकी, तोमिनो हे दिग्दर्शक कोठे शिकले असते? मुशीतून बाहेर पडलेल्यांनीच १९७२ मध्ये मॅडहाऊस आणि सनराइज या संस्था काढल्या. मला दोन्ही बाजू पटतात. परंतु रात्र-रात्र टेबलाशी बसून चित्रे रंगवणाऱ्या मुलामुलींना कोणी विचारले असते, तर त्यांनी मियाझाकींच्या बाजूने मत दिले असते, याविषयी मला शंका नाही.

स्वतः तेझुका मात्र बुडाले नाहीत. मुशी बंद पडली त्याच महिन्यात 'ब्लॅक जॅक' ही परवाना नसलेल्या शल्यविशारदाची चित्रकथा सुरू झाली आणि तिने त्यांना पुन्हा उभे केले. १९७२ पासून १९८३ पर्यंत त्यांनी 'बुद्ध' लिहिली. आपल्या कपिलवस्तूचा राजपुत्र एका जपानी डॉक्टरच्या लेखणीतून कसा उतरला, हे पाहण्यासाठी तरी ती वाचावी. १९८० मध्ये आटोम रंगीत होऊन परतला. त्याच वर्षाच्या अखेरीस जुना काळापांढरा आटोम चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीवर गेला; एनबीसीने हात झटकले होते तो माल दुसऱ्या एका देशातील मुलांनी डोक्यावर घेतला. दरम्यान तेझुका स्वतःच्या समाधानासाठी छोटे प्रयोगपट काढत राहिले. 'जंपिंग'ला १९८४ मध्ये झाग्रेबचा आणि 'मोडका चित्रपट'ला १९८५ मध्ये हिरोशिमाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. यांत कोणाची अट नव्हती, आणि पैसाही नव्हता.

९ फेब्रुवारी १९८९ रोजी जठराच्या कर्करोगाने टोकियोत त्यांचा अंत झाला. रुग्णशय्येवरही काम चालूच होते. तीन चित्रकथा अपुऱ्या राहिल्या. एक फाउस्टवर आणि एक बेथोव्हेनवर. तिसरीचे नाव 'ग्रिंगो'. दक्षिण अमेरिकेत धंदा करायला गेलेल्या एका जपानी कंपनीच्या अधिकाऱ्याची ती कथा आहे.