बाणावलीचा भिकारी पाद्री

संत जुझे वाझ म्हटलं की गोव्यात बहुतेकांना 1696 चा कँडीचा पाऊस आठवतो. दुष्काळ पडला, त्यांनी प्रार्थना केली, पाऊस आला. छान गोष्ट आहे, पण त्याआधीची वर्षं मला जास्त महत्त्वाची वाटतात.

जन्म 21 एप्रिल 1651, बाणावलीचा, आजोळी, घर सांकवाळचं. 1676 मध्ये ते पाद्री झाले. त्या काळी पोर्तुगीज साम्राज्यातल्या संन्यासी संघांत स्थानिक माणसाला सहसा घेत नसत. पाद्री व्हा, पण आमच्या पंगतीत बसू नका, असा तो मामला. जुझे वाझ भांडत बसले नाहीत. 1685 मध्ये जुन्या गोव्यात स्थानिक पाद्रींचा ओरेटरी संघ उभा राहिला, त्याला त्यांनी शिस्त लावून दिली आणि पुढच्याच वर्षी संघ सोडून निघाले. निघाले कुठे, तर श्रीलंकेला.

तिथे 1658 पासून डचांचा अंमल होता. डच कॅल्व्हिनपंथी, कॅथलिक पाद्रींना त्यांनी बंदी केली होती. त्यामुळे किनाऱ्यावरच्या कॅथलिकांना कित्येक वर्षं ना मिस्सा ना कुमसार. 1687 मध्ये वाझ जाफन्याला उतरले ते भिकाऱ्याच्या वेषात. सोबत फक्त सेवक जुवांव. उतरताच हगवणीने आजारी पडले. बरे झाल्यावर दारोदार भीक मागत फिरायचे, आणि कुणाच्या गळ्यात जपमाळ दिसते का ते हळूच पाहायचे! मग रात्री गुपचूप मिस्सा. 1689 च्या नाताळात डच शिपायांनी छापा घातला. वाझ निसटले, पण भाविकांना फटके आणि तुरुंग भोगावा लागला. आपल्यापायी दुसऱ्यांना मार बसतो, हे ओझं छळापेक्षा कमी नसावं.

1692 मध्ये ते कँडीच्या राज्यात गेले. पोर्तुगीज हेर म्हणून राजाने कैद केलं. कैदेतही त्यांनी झोपडीवजा देऊळ उभारून मिस्सा केली. पहारेकऱ्यांचा संशय हळूहळू विरत गेला.

आणि 1697 ची देवी. राजा, सरदार शहर सोडून गेले. रोग्यांना रानात टाकून देत होते. वाझ आणि त्यांचे सहकारी फादर कार्व्हाल्हो मागे राहिले. त्यांनी रोग्यांना झोपड्या बांधून दिल्या, जेवण-औषध केलं, मेलेल्यांना पुरलं. कॅथलिक कोण, बौद्ध कोण, असा हिशेब केला नाही. राजा परतल्यावर त्याने कृतज्ञतेने त्यांना धर्मकार्याची मोकळीक दिली.

पुढे त्यांना वरचं पद देऊ केलं, ते त्यांनी नाकारलं. गोव्याहून आणखी पाद्री येत राहिले. त्यांतले दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस यांनी सिंहली आणि तमिळमध्ये इतकं लिहिलं की सिंहली कॅथलिक साहित्याची सुरुवात त्यांच्यापासून सांगतात. (साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर वेगळा लेख लिहायलाच हवा.)

वाझ गोव्याला परत कधीच आले नाहीत. 16 जानेवारी 1711 रोजी, एकोणसाठाव्या वर्षी, ते कँडीत वारले. त्यांना संतपद मिळालं 14 जानेवारी 2015 ला, कोलंबोत, पोप फ्रान्सिस यांच्या हातून.