ज्यूल व्हर्न (१८२८–१९०५) : खुला शेवट आणि मूल्यांचा प्रश्न



विज्ञानकादंबरी वाचून संपते. पण नायकाचे पुढे काय झाले आणि त्याने केले ते योग्य की अयोग्य, हे लेखक सांगत नाही. अशा कृतीवर उत्तर लिहिताना आपण गोंधळतो आणि लेखकाच्या चरित्रात त्याचा निर्णय शोधू लागतो. चरित्राचा उपयोग कोठवर होतो, हे या उपघटकात आपण ज्यूल व्हर्न यांच्या उदाहरणावरून पाहणार आहोत. भा. रा. भागवतांच्या रूपांतरांमुळे व्हर्न मराठी वाचकांना परिचित आहेतच.

जडणघडण

व्हर्न यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी फ्रान्समधील नांत या बंदराच्या शहरात झाला. वडील वकील होते. मुलाने आपलाच व्यवसाय पुढे चालवावा, ही त्यांची इच्छा. कायद्याच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेलेला मुलगा मात्र नाट्यलेखनाकडे वळला. १८५७ मध्ये विवाह झाल्यावर चरितार्थासाठी त्यांनी शेअर बाजारात दलाली पत्करली. पहाटे उठून लिहायचे आणि दिवसा बाजारात जायचे, असा त्यांचा क्रम होता. कामधंदा सांभाळून शिकणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना तो ओळखीचा वाटेल.

१८६३ मध्ये बलूनमधून आफ्रिका ओलांडणाऱ्या प्रवाशांची त्यांची कादंबरी गाजली. ती प्रसिद्ध करणारे एत्झेल हे केवळ प्रकाशक नव्हते. हस्तलिखितात बदल सुचवणारे आणि प्रसंगी ते करायला लावणारे संपादक होते. उत्तर ध्रुवाच्या ध्यासाने झपाटलेल्या कॅप्टन हॅटेरासला व्हर्न यांनी प्रथम ध्रुवावरील ज्वालामुखीत मृत्यू दिला होता. एत्झेल यांच्या आग्रहामुळे तो शेवट बदलला. छापील कादंबरीत हॅटेरास वाचतो, पण त्याचे भान हरपते आणि तो सतत उत्तरेच्याच दिशेने चालत राहतो. तेव्हा आपण वाचतो तो शेवट अनेकदा दोन व्यक्तींमधील तडजोडीचा असतो, ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी.

निमो : नाव नसलेला माणूस

हाच प्रश्न पाणबुडीवरील प्रसिद्ध कादंबरीत (१८६९–७०) अधिक गहन होतो. निमो या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘कोणीही नाही’ असा आहे. हा कॅप्टन विद्वान आणि कलाप्रेमी आहे. समुद्रतळाचे सोने तो क्रीट बेटावरील बंडखोरांना पोहोचवतो. तोच निमो पुढे एका युद्धनौकेला त्यावरील सर्व माणसांसह बुडवतो आणि नंतर पत्नी व मुलांच्या तसबिरीपुढे कोसळतो. अखेर त्याची पाणबुडी नॉर्वेजवळच्या भोवऱ्यात सापडते. निवेदक किनाऱ्यावर वाचतो; निमो जगला की बुडाला, हे त्याला कळत नाही.

बुडालेली नौका कोणत्या देशाची, हेही कादंबरीत सांगितलेले नाही. या मौनामागचे कारण चरित्रातून कळते. व्हर्न यांच्या मनातील निमो हा पोलंडचा सरदार होता. १८६३ च्या उठावानंतर रशियाने त्याच्या कुटुंबाचा नाश केला, म्हणून तो सूड घेतो. रशियातील वाचक व बाजारपेठ दुरावेल, या विचाराने एत्झेल यांनी त्यास विरोध केला आणि निमोचे राष्ट्र कोरे राहिले.

पुढे ‘रहस्यमय बेट’ (१८७४–७५) या कादंबरीत व्हर्न यांनी ती जागा भरली. निमो हा बुंदेलखंडातील राजपुत्र डाकार असून १८५७ च्या उठावात लढलेला आहे, असे तेथे उघड होते. मग प्रश्न सुटला का? दोन कादंबऱ्यांतील सनावळी जुळत नाही. दुसरे पुस्तक पहिल्यावर नेमके बसत नाही. शिवाय मरणाच्या दारातील निमोला बेटावरील अभियंता असा निवाडा देतो की, तू भूतकाळ परत आणू पाहिलास आणि अटळ प्रगतीशी लढलास. येथे परकीय सत्तेलाच प्रगती मानले आहे. हे मूल्य एकोणिसाव्या शतकातील युरोपचे आहे. भारतीय वाचकाने ते निमूटपणे स्वीकारण्याचे कारण नाही. निमोचा अखेरचा उद्गार हस्तलिखितात स्वातंत्र्य एवढाच होता. छापील प्रतीत त्या जागी देव आणि देश आले, तेही एत्झेल यांच्यामुळे.

वाचकाचे काम

इस्लापूर, किनवट, हिमायतनगर या परिसरातील वाचकाला हा पेच परका नाही. जानेवारी १९४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामातील स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीच्या बँकेतील रक्कम लढ्यासाठी ताब्यात घेतली. निजामी कायद्याच्या दृष्टीने तो दरोडा. आपल्या दृष्टीने तो लढ्याचा भाग. कृती एकच असते, तिचे मोल ठरवणारी दृष्टी बदलते. परंतु तेवढ्यावरून निमोचे सारेच समर्थनीय ठरत नाही. बंडखोरांना सोने देणे आणि नौकेवरील प्रत्येक खलाशाला बुडवणे या दोन कृतींचे मोल वेगवेगळेच करावे लागेल.

म्हणून खुल्या शेवटाविषयी लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात : संहिता काय सांगते, कोठे मौन पाळते आणि ते मौन भरताना आपण कोणते मूल्य आणतो. मौन कसे निर्माण झाले, हे चरित्र सांगू शकते. ते कसे भरावे, हे सांगू शकत नाही. संहितेतील आधार दिलेला असेल, तर परस्परविरोधी दोन उत्तरेही ग्राह्य ठरतात. आधार नसेल, तर ते केवळ मत उरते.

अखेरची वर्षे

१८८६ मध्ये मानसिक संतुलन बिघडलेल्या पुतण्याने झाडलेल्या गोळीने व्हर्न यांचा पाय कायमचा अधू झाला. त्याच महिन्यात एत्झेल निवर्तले. १८८८ मध्ये व्हर्न आम्येन शहराच्या नगरपरिषदेवर निवडून आले. त्याच शहरात २४ मार्च १९०५ रोजी त्यांचे निधन झाले. एत्झेल यांनी नाकारलेली, विसाव्या शतकातील पॅरिसचे उदास चित्र रंगवणारी त्यांची कादंबरी १९९४ मध्ये प्रकाशित झाली आणि प्रगतीचा निःशंक भाट ही त्यांची रूढ प्रतिमा पुन्हा तपासावी लागली.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. निमोचे राष्ट्र कळल्यामुळे नौका बुडवण्याच्या कृतीचे तुमचे मूल्यमापन बदलते का? संहितेतील दोन आधार देऊन लिहा.
२. तुम्ही वाचलेल्या एका मराठी विज्ञानकथेचा शेवट घेऊन वरील तीन गोष्टी वेगळ्या करून दाखवा.