लक्ष्मणराव किर्लोस्कर : झिजलेल्या भागाचा विचार करणारा कारागीर



2019 च्या महापुरात सांगलीच्या मुलांनी इंजिनाच्या बोटी अगदी दारात पाहिल्या. अशा बऱ्याच टू-स्ट्रोक इंजिनांत रीड व्हॉल्व्ह नावाची पातळ पाती असतात. ती हवा-पेट्रोलचं मिश्रण आत घेतात आणि लगेच मिटून ते मागे येऊ देत नाहीत. पाती झिजली, तडकली की इंजिन लवकर सुरू होत नाही, ताकद कमी पडते. बोट चांगली असते, चालवणारा तयार असतो, पण एवढ्याशा पातीसाठी सगळं अडतं. ती बदलली की काम भागतं. मात्र ती जवळपास मिळायला हवी ना! आपल्याच भागात या गरजेचं उत्तर उभं करणाऱ्या माणसाची ओळख आज मुलांना करून देऊ या.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग त्यांना नीट ओळखता येईनात. आपल्या वर्गातला एखादा मुलगा अशा वेळी खचून जाईल, नाही का? लक्ष्मणराव यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले आणि पुढे व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवू लागले. म्हणजे तेही आपल्यासारखे शिक्षकच!

1888 मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान सुरू झालं. पुढे लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आले. कडबा कापण्याचं यंत्र बनवलं, मग लोखंडी नांगर. पण शेतकरी नांगर घेईनात. लोखंडाने जमिनीत विष पसरेल, अशी भीती होती. नांगर खपायला सुमारे दोन वर्षं लागली.

आता मुलांना विचारा, नांगराचा कोणता भाग आधी झिजतो? फाळ! तो सतत मातीशी घासतो. लाकडी नांगराचा सुतार, फाळ शेवटणारा लोहार गावातच असे. लोखंडी नांगराचा सुटा भाग परदेशातून यायचा असेल, तर ऐन नांगरटीत शेतकऱ्याने करायचं काय? म्हणूनच यंत्र इथे तयार होण्याला महत्त्व होतं.

बेळगावची जागा नगरपालिकेला हवी होती, त्यामुळे कारखाना हलवावा लागला. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावून आले. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. पण संस्थानाचा काही मुलूख कुंडलकडेही होता. तिथला माळ राजांनी दिला. निवडुंग आणि सापांची ती ओसाड जागा! 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे. माळावर कारखान्याबरोबर कामगारांची घरं उभी राहिली. नांगरांमागोमाग पंप आले, विहिरीचं पाणी शेतात पोचू लागलं. पंपातही व्हॉल्व्ह आलाच. तो पाण्याला एकाच दिशेने सोडतो, आणि तो झिजला की पाणी चढत नाही.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. 1969 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल तिकीट निघालं.

पालकहो, घरातली सायकल, पंप किंवा मिक्सर बिघडला तर लगेच फेकू नका. विजेची वस्तू असेल तर आधी प्लग काढा. मग मुलांना शेजारी बसवा आणि काय झिजलंय ते त्यांनाच शोधू द्या. बदलून लावलेला छोटासा भाग आणि पुन्हा चालू झालेलं यंत्र मुलं कधी विसरत नाहीत. रंग ओळखता न येणाऱ्या मुलालाही आपली वाट सापडते, हे मात्र सांगायला विसरू नका.

अशा या थोर उद्योजकास विनम्र अभिवादन!