शाहीर राम जोशी
पेशवाईच्या उत्तरकाळी सोलापुरातील जोशांच्या विद्वान घराण्यात राम जोशी यांचा जन्म झाला. वडील बंधू मुद्गल जोशी हे नावाजलेले कीर्तनकार होते. रामाचे चित्त मात्र पोथीपेक्षा डफ-तुणतुण्यात अधिक रमे. धोंडी शाहिराच्या फडासाठी तो लावण्या रचू लागला. त्या काळी तमाशा हीन गणला जाई. ब्राह्मणाच्या मुलाने तेथे रमावे, हे बंधूंना साहवेना. त्यांनी रामाला घराबाहेर काढले.

राम खचला नाही. पंढरपुरास जाऊन त्याने संस्कृताचे अध्ययन केले. विद्वान होऊन परतलेले राम जोशी कीर्तनेही करू लागले. परंतु शाहिरीचा संग त्यांनी सोडला नाही. संपादन केलेली विद्या त्यांनी लावणीत ओतली. पंडितकवी मोरोपंतांनाही त्यांच्या कवित्वाचे कौतुक वाटे, असे सांगतात.

१९४७ साली त्यांच्या जीवनावर 'लोकशाहीर राम जोशी' हा कृष्णधवल बोलपट निघाला. जयराम शिलेदार यांनी त्यात शाहिराची भूमिका केली. ज्या कवनांपायी रामाला स्वतःचे घर सोडावे लागले, त्याच कवनांमुळे त्याचे नाव महाराष्ट्रात अजून घेतले जाते.